काळ्या तबकडीची सवत

मित्रांनो, पेटी हा शब्द वाचताच तुमच्या डोळ्यांपुढे आंब्याची पेटी उभी राहिली असेल, तर त्यात तुमचा काहीच दोष नाही. आमच्या मिठबाव गावात चैत्र-वैशाखात जो तो पेट्यांविषयीच बोलतो आणि त्या बोलण्यात माझा उल्लेख कधीही नसतो. मीही एक जुनी पेटीच आहे, परंतु सुरांची. माझ्या पोटात गवत आणि हापूस नाही. तेथे पितळी सूर आहेत, पाठीला भाता आहे आणि मुखी पांढऱ्या-काळ्या पट्ट्या आहेत. माझे मनोगत आज मी तुम्हांस सांगणार आहे. त्यात तुम्हांला थोडा मत्सर आढळेल. थोडा कशाला म्हणू? पुष्कळच आढळेल. परंतु संपूर्ण ऐकून घ्या आणि मगच मला नावे ठेवा.

माझा जन्म सावंतवाडीचा. ज्या गल्लीत लाकडाची केळी, फणस आणि भातुकलीची भांडी रंगतात, तिच्या शेजारच्याच गल्लीत एका वृद्ध कारागिराने मला घडविले. त्याने जुने सागवान निवडले, ते उन्हात तापविले आणि प्रत्येक सूर कानाशी धरून घासला. बाबूबुवा मला न्यावयास आले, तेव्हा त्याने माझी सर्वांत खालच्या षड्जाची पट्टी दाबली आणि भाता हलविला. सारे दुकान त्या खर्जाने भरून गेले. तो म्हणाला, "बुवा, हिचो खर्ज सांभाळा. हो खर्ज घर भरतलो." ते शब्द मी काळजावर कोरून ठेवले. पुढे त्याच शब्दांनी मला किती रडविले, ते यथावकाश येईलच.

बाबूबुवा हे आमच्या पंचक्रोशीतील नावाजलेले भजनीबुवा. दिवसा कलमांची निगा राखावी आणि सायंकाळी देवळात भजनास बसावे, हा त्यांचा क्रम होता. त्यांच्या पत्नी सावित्रीबाई यांनी आपल्या जुन्या लुगड्याचे माझ्यासाठी आवरण शिवले. एकादशी असो, सप्ताह असो किंवा कोणाच्या घरची सत्यनारायणाची पूजा असो, मी बुवांच्या खांद्यावरून जात असे. लोक म्हणत, "बाबूबुवाची पेटी वाजणा नाय रे, बोलता!" हे ऐकून माझा भाता वारा न भरताच फुगत असे. त्या काळी बुवांचा डावा हात माझ्या पाठीवर आणि उजवा माझ्या पट्ट्यांवर असे. त्यांच्या दोन्ही हातांवर अन्य कोणाचा अधिकार नव्हता. सुख म्हणतात ते याहून निराळे असेल, असे मला वाटत नाही.

परंतु सुखाला दृष्ट लागते. एका गावच्या जत्रेत डबलबारी ठरली. डबलबारी म्हणजे काय, हे आमच्या मुलखातील मुलांस सांगावे लागत नाही. दोन बुवा समोरासमोर बसतात. एकाने गाता गाता टोमणा मारावा आणि दुसऱ्याने त्याच चालीत उत्तर द्यावे, अशी ही गमतीची लढाई असते. आमच्यासमोर कुडाळकडचे शिवाबुवा बसले होते. माणूस तोंडाचा मोठा तिखट. आमची बारी रंगात आली होती आणि पखवाज घुमत होता. इतक्यात माझी ती खर्जाची पट्टी खाली गेली आणि वर येईचना. समुद्रकाठच्या खाऱ्या हवेने माझे लाकूड फुगले होते. बुवांनी बोट उचलले, तरी खर्ज थांबेना. दुसरे कोणतेही सूर छेडले, तरी त्यांच्याखाली एकच घुंऽऽऽ चालू राहिले.

शिवाबुवांनी झांज खाली ठेवली आणि हात जोडले.

"बुवांनू, पेटी हाडलास काय घरघंटी? मगे दळाण खंय आसा?"

मागून कोणीतरी ओरडले, "थांबा थांबा, माझे तांदूळ हाडतंय!"

मंडप हसून लोटपोट झाला. पखवाजवालाही हसला. बुवांनी मात्र उत्तराची चाल धरली नाही. त्यांनी माझा भाता मिटला, आवरण घातले आणि घरी येऊन सावित्रीबाईंना एवढेच म्हटले, "हिका झाकून ठेव." त्यानंतर ते दुसऱ्यांच्या भजनात झांज धरून मागच्या रांगेत बसू लागले. मला माजघराच्या कोपऱ्यात स्थान मिळाले. मित्रांनो, शिव्या मिळाल्या असत्या तर मी सोसल्या असत्या. परंतु बुवांनी मला एकही शब्द बोलून दाखविला नाही, हे मला फार लागले.

आता माझ्या सवतीची कथा ऐका.

बुवांचे चिरंजीव सुशांत हे बोटीवर इंजिनच्या खोलीत नोकरीस आहेत. एकदा ते रजेवर आले, ते एक सीडी घेऊनच. शुद्ध मराठीत मी तिला तबकडी म्हणते. बोटीवरच्या एका परदेशी सोबत्याने निरोप घेताना ती त्यांना भेट दिली होती. तिचे वेष्टन पूर्ण काळे होते. त्यावर देव नाही, गायिका नाही, एखादे फूलही नाही. काळ्यावर काळ्याच रंगाची बारीक अक्षरे, ती उजेडात तिरकी धरल्याखेरीज दिसतही नसत. ती वाजविण्याचे यंत्र सुशांतने कुडाळहून आणले. ते कोठे ठेवावे, असा प्रश्न पडला.

"ठेव त्या पेटीर," सावित्रीबाई म्हणाल्या. "ती काय कामाची आसा?"

आणि मित्रांनो, ते यंत्र माझ्या छातीवर आले.

कळ दाबली गेली. प्रथम काहीच झाले नाही. मग जमिनीच्या पोटातून यावा तसा एक खोल, काळोखा नाद येऊ लागला. त्यात ठेका नव्हता, शब्द नव्हते, तानही नव्हती. फक्त घुंऽऽऽ. सावित्रीबाई हातातले पीठ तसेच ठेवून मागीलदारी धावल्या आणि विहिरीवरचा पंप बंद करावयास गेल्या. पंप बंदच होता.

"सुशांता, पंप खंयचो चालू आसा रे? आमचो तर बंद आसा."

"आये, पंप नाय. गाणा आसा."

"गाणा? मगे गाता कोण?"

"कोण नाय."

"कोण गायना नाय, तेका गाणा कित्याक म्हणतस मेल्या?"

तेवढ्यात कुंपणापलीकडून शेजारच्या सुभद्राबाईंची हाक आली. "सावित्रीये! पंप बंद कर गो, टाकी भरान व्हांवता!"

घरात हसण्याची लाट उसळली. मी मात्र हसले नाही. मी त्या नादाखाली दबून पडले होते आणि माझ्या अंगाचा तिळपापड होत होता. कारण तो नाद मी ओळखला होता. तो माझाच होता! माझा अडकलेला खर्ज, जो एकदा थांबला नाही म्हणून मी कोपऱ्यात पडले, तोच ही काळी बया घटकाभर न थांबता लावून धरत होती आणि तिला कोणी घरघंटी म्हणत नव्हते. माझ्या अंगी जो दोष, तोच हिच्या अंगी गुण ठरला. याला जगाचा न्याय म्हणायचे का?

मी मनाशी म्हटले, चार दिवसांचे कौतुक आहे. सुशांत बोटीवर परततील आणि काळी अडगळीत जाईल. या घरी लग्नसराईतली गाणी आली आणि विटली. गणपतीतली धांगडधिंग्याची गाणी आली, तीही जुनी झाली. एक वर्ष ज्या गाण्यावर सारा गाव नाचे, दुसऱ्या वर्षी त्याचे नाव कोणाला आठवत नसे. काळी मात्र विटली नाही. सुशांत जाऊन परत आले, पुन्हा गेले, त्यांच्या कानांवरचे केस पांढरे होऊ लागले, तरी काळी वाजतच राहिली. मी दिवसेंदिवस तिचे वजन छातीवर वाहिले. म्हणून तिच्यातले अक्षरन् अक्षर मला पाठ आहे, जरी तिच्यात एकही अक्षर नाही. मध्येच दूर कोठेतरी साखळी ओढल्यासारखा आवाज होतो. पुढे एका ठिकाणी घंटा वाजली असे वाटते, पण ती वाजत नाही. तरीही दर खेपेस कोणीतरी म्हणेच, "ह्या आधी नव्हता हा!" अहो, तेथेच होते. मला विचारा!

या काळीत लोकांना एवढे काय सापडते, याचा मी पुष्कळ विचार केला. मत्सर करणाऱ्याइतका बारीक विचार दुसरे कोणी करीत नाही. सुशांत म्हणत, हिच्यात मला बोटीचे इंजिन ऐकू येते. बाबूबुवा ती लागली की आरामखुर्चीत डोळे मिटून बसत. एकदा ते पुटपुटले, "गाज इली." गाज म्हणजे दर्याची गर्जना, जिची दिशा ऐकून आमच्याकडे पावसाचा अंदाज बांधतात. सुभद्राबाईंना त्यात सदैव पंपच ऐकू आला. तेव्हा माझ्या ध्यानात आले, की मी जन्मभर लोकांना सांगत आले, हे ऐका, येथे टाळी द्या, येथे डोलवा मान. काळी कोणालाही काहीच सांगत नाही. ती दार उघडून बाजूला उभी राहते आणि जो तो आत जाऊन आपले आपले ऐकतो. हे मला पटले. पटले म्हणून मत्सर कमी झाला, असे मात्र समजू नका. उलट वाढला.

त्यातच सावित्रीबाईंचे आजारपण आले. ताप उतरला, परंतु कानांत रातकिडे बसले. रात्रंदिवस किर्र, किर्र. कुडाळच्या डॉक्टरांनी तपासले आणि सांगितले, की यास औषध नाही, सवय करावी लागेल. रातकिड्यांची सवय कशी होणार? त्या अंथरुणावर पडत आणि उठून बसत. परंतु काळी लावली, की तिच्या खोल नादाखाली ते किडे बुडून जात आणि त्यांना झोप लागे. आता काळी नुसती आवडती राहिली नाही, ती गरजेची झाली. पुढल्या रजेत सुशांतने तिचा आवाज आईच्या मोबाईलमध्येही उतरवून दिला. पाहा, मित्रांनो, तिला दुसरा देह मिळाला! तबकडी फुटली तरी ती मरणार नाही. मला देह एकच, आणि त्याच्या भात्याला उंदराने भोक पाडलेले.

यंदा वैशाखात निलेश नावाचे एक तरुण गृहस्थ घरी आले. त्यांनी किनाऱ्याजवळ पर्यटकांसाठी खोल्या बांधल्या आहेत आणि ते जुन्या वस्तू गोळा करून शोभेस मांडतात. त्यांनी माझे आवरण उचलून पाहिले.

"बाबूकाका, ही माका देवा. आमच्या ऑफिसात ठेवतंय. वर समई आणि फुला. पाव्हणे फोटो काढतले."

"वाजणा नाय रे ती."

"वाजाक कित्याक होयी? दिसाक होयी!"

हे वाक्य ऐकून माझ्या पट्ट्या थंड पडल्या. बुवांनी आवरण पुन्हा माझ्यावर ओढले. मग म्हणाले, "मिरग लागाच्या, पाऊस पडाच्या आधी घेवन जा." मी सावित्रीबाईंकडे आशेने पाहिले. जिने लुगडे फाडून मला पांघरूण दिले, ती तरी बोलेल. त्या बोलल्याही.

"मगे सीडीची मशीन खंय ठेवची?"

मित्रांनो, माझ्या जाण्याचे दुःख कोणालाच नव्हते. दुःख होते, ते काळीचे आसन जाईल याचे.

मी आता दिवस मोजण्याचेही सोडून दिले. बुवांचा हात एकदा, निदान एकदाच माझ्या भात्यावर पडावा आणि मग मला समईखाली नेऊन ठेवावे, एवढीच माझी इच्छा उरली होती.

आणि अशा वेळी वादळ आले. माड वाकले, कलमे उन्मळली आणि विजेचे खांब रस्त्यावर आडवे झाले. गावातली वीज गेली, ती गेलीच. काळी मुकी झाली. मला किती आनंद झाला म्हणून सांगू! पहिल्या दिवशी सावित्रीबाईंनी मोबाईलवर भागविले. मग मोबाईलही विझला आणि काळीचा दुसरा देहही निपचित पडला. मी मनात म्हटले, आता कळेल.

परंतु जे कळले, ते निराळेच. सावित्रीबाईंच्या कानांतले रातकिडे मोकाट सुटले. त्यांनी माठाला कान लावून पाहिला. शंख धरून पाहिला. बुवांनी त्यांना किनाऱ्यावर नेले, तर तेथे वाऱ्याचा एवढा आकांत, की त्या कान झाकूनच परतल्या. जेवण जाईना. बसल्या जागी डोळे मिटत आणि दचकून उघडत. शेवटी एका दुपारी त्यांनी ताट बाजूला सारले आणि लहान मुलासारखे दोन्ही हातांनी डोके धरले.

"अवो, हे किडे माका खावन टाकतले," त्या म्हणाल्या. "कायतरी करा."

बुवा उठले. घरात दोन फेऱ्या मारल्या आणि माझ्यापुढे थांबले. माझ्या छातीवरचे मुके यंत्र त्यांनी उचलून जमिनीवर ठेवले. आवरण काढले. भात्याचे भोक त्यांना दिसले, तेव्हा त्यांनी सावित्रीबाईंच्या औषधांच्या डब्यातून जखमेला लावायची चिकटपट्टी आणून ते बुजविले. मग मांडी घालून बसले. त्यांचा डावा हात माझ्या पाठीवर आला. त्यांनी भात्याची कडी सोडली.

"अवो, ह्या काय करतास?"

"तू गप पडान ऱ्हव."

भाता हलला आणि माझ्या तोंडून तोच जुना, लाजिरवाणा, अडकलेला खर्ज बाहेर पडला. घुंऽऽऽ. बुवांचा चेहरा पडला. त्यांनी खिशातील चाकू काढला आणि पट्टीच्या फटीत घालून ती मोकळी करणार, इतक्यात सावित्रीबाई उठून बसल्या.

"हात लावू नकात तेका! ऱ्हवांदे तसाच."

"अगो, बिघाड आसा तो. शिवाबुवान चार गावांत माझी..."

"शिवाबुवा गेलो खड्ड्यात. माका ताच होया."

बुवांनी चाकू मिटला. ते भाता ओढू लागले. सागवानातून, पितळेतून, माझ्या हाडांतून तो खर्ज निघाला आणि माजघर भरले, ओटी भरली, अंगणही भरले. सावंतवाडीच्या म्हाताऱ्याचे शब्द खरे झाले. सावित्रीबाईंनी उशीवर डोके टेकले. प्रथम कपाळावरची आठी गेली. मग मुठी सैल झाल्या. मग श्वास लांबला. बुवा थांबले नाहीत, कारण थांबले तर किडे परत येतील. हात दुखला, की ते दुसरा हात भात्यावर घेत. असे करता करता दिवेलागण झाली.

आणि तेव्हा, मित्रांनो, कुंपणापलीकडून ती हाक आली.

"सावित्रीये! लाईट इली मगे तुमची? आणि आमका सांगूक नाय! पंप बंद करा गो, टाकी व्हांवता!"

बुवांना उत्तर देता येईना, कारण सावित्रीबाई जागी झाल्या असत्या. उत्तर नाही, म्हणून सुभद्राबाई तणतणत स्वतःच आल्या. पायरीवर आल्या आणि थबकल्या. दिवा नव्हता. यंत्र जमिनीवर पडले होते. काळोखात बाबूबुवा पेटी ओढीत होते आणि सावित्रीबाई गाढ झोपल्या होत्या. सुभद्राबाई हळूच उंबरठ्यावर बसल्या. मग कुजबुजल्या, "बाबूदादा, माका वाटला पंप."

माझी आयुष्यात पुष्कळ स्तुती झाली. बोलकी पेटी म्हणाले, सोन्याच्या गळ्याची म्हणाले. परंतु एवढी मोठी दाद मला कोणी दिली नव्हती. मला पंप म्हटले गेले! म्हणजे काळीच्या तोडीची म्हटले गेले!

वीज येईपर्यंत दररोज दुपारी मी वाजले. मध्येच निलेश टेम्पो घेऊन आले. बुवांनी त्यांना अंगणातच गाठले.

"निलेश, पेटी मिळाची नाय रे."

"काका, तुमीच म्हणालास, ती वाजणा नाय!"

"वाजता. एकच वाजता." मग माजघराकडे बोट करून ते म्हणाले, "ती कामावर आसा."

निलेश आमच्या घरामागच्या परड्यातला एक जुना मोडका रहाट शोभेसाठी घेऊन गेले. त्या रहाटाचे भले होवो.

आता वीज आली आहे. काळीही बोलू लागली आहे आणि सावित्रीबाई दुपारी पूर्वीप्रमाणे तिलाच लावतात, हे मी लपवीत नाही. काळीचा हात दुखत नाही, तिला चिकटपट्टी लागत नाही. अजूनही तिचा पहिला नाद आला, की मी तो माझ्या खर्जाशी ताडून पाहते आणि जळते. परंतु तिचे यंत्र आता स्टुलावर असते आणि माझी छाती मोकळी आहे. आणि दिवेलागणीला सावित्रीबाई म्हणतात, "अवो, जरा पेटी धरा बघू." तेव्हा बुवा चष्मा काढून ठेवतात आणि मांडी घालतात. कधी कधी तर ते त्या खर्जावर बारीक आवाजात अभंगही धरतात, जो त्यांनी त्या जत्रेपासून गायला नव्हता.

म्हणून मित्रांनो, तुमच्या घरी माझी एखादी बहीण असेल, तर तिच्यावर काही ठेवू नका. पावसाळ्यात तिला चुलीच्या उबेजवळ जागा द्या. महिन्यातून एकदा तरी भाता हलवा, म्हणजे उंदीर घर करणार नाहीत. आणि तिचा एखादा सूर अडकला, तर तिला लगेच नावे ठेवून कोपऱ्यात टाकू नका. तो अडकलेलाच सूर उद्या कोणाला हवा असेल, हे आपणांस ठाऊक नसते. मत्सराविषयी उपदेश करण्याचा अधिकार मला नाही, म्हणून तो करीत नाही.

परवाच सायंकाळी काळी बंद करण्याचे सावित्रीबाई विसरल्या आणि इकडे बुवांनी माझा भाता ओढला. आम्ही दोघी सवती प्रथमच एकत्र वाजू लागलो. कोणता नाद कोणाचा, ते मलाही उमगेना. तेवढ्यात कुंपणावरून नेहमीची हाक आली.

"सावित्रीये, पंप बंद कर गो!"

सावित्रीबाईंनी उशीवरून मान न उचलताच विचारले,

"खंयचो?"